गायगर की प्लाझ्मा? सहा आठवड्यांचा प्रकल्प

गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारा) आणि रोटरी पंप (हवा काढून घेणारा) दोन्ही आहेत. पदवीसाठी काय निवडू?

› प्लाझ्मा घ्या, पाशेन वक्र: वायूत ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज दाब आणि अंतरानुसार कसा बदलतो ते. चपट्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल घासा, अंतर १ सेंमी, दाब ०.१ ते १० टॉर, एकसरीत १०० किलोओहम. हवेत किमान भंजन (ठिणगी पडणं) साधारण ३३० व्होल्टला मिळायला हवं. कमी दाबाला आकडे फसवतात: ठिणगी इलेक्ट्रोडच्या मागून लांबची वाट धरते. मागची बाजू काचेने झाका.

› पंप गळका असेल तर गायगरने बेरियम-१३७एमचा क्षय मोजणं बरं (सीझियम-१३७ पासून द्रावाने धुऊन काढतात), अर्धायुष्य २.५५ मिनिटं. दर १० सेकंदांना मोजा. लॉग आलेख सुरुवातीला चपटा झाला तर डेड टाइम (एका मोजणीनंतर काउंटर क्षणभर आंधळा असतो तो वेळ). शेवटी चपटा झाला तर पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग, किंवा द्रावात सीझियम उतरलंय. तासाभराने पुन्हा मोजून तेवढं वजा करा.

› प्लाझ्मा केलात तर व्होल्टेज बंद केल्यावर पुरवठ्यातला कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका!