एकाच मंत्र्यावर अविश्वास ठराव: लोकसभेत हवा की नको?

टाचणी:

२०२३ च्या ऑगस्टमधला अविश्वास ठराव आठवतोय? तक्रार होती मणिपूरमधल्या हिंसाचाराची. ठराव मात्र आणावा लागला अख्ख्या मंत्रिमंडळावर, कारण लोकसभेच्या नियम १९८ मध्ये दुसरी सोयच नाही. ८ ते १० ऑगस्ट चर्चा चालली. त्यात महागाई आली, विरोधी आघाडीचं नाव आलं, १९६६ चं मिझोराम, म्हणजे तिथे हवाई दलाने केलेली बॉम्बफेक, तेसुद्धा आलं. पंतप्रधानांचं उत्तर दोन तासांच्या वर गेलं आणि त्यात मणिपूरची पाळी येईपर्यंत विरोधक सभात्याग करून बाहेर पडले होते. आवाजी मतदानाने ठराव फेटाळला. मणिपूरबाबत नेमकं कोणतं खातं कुठे चुकलं, याचं उत्तर कोणाला मिळालं?

त्याआधीचं २००३ घ्या. विरोधकांचं भांडण होतं संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी. तहलका प्रकरणात (संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीचं छुपं चित्रण) त्यांनी मार्च २००१ मध्ये राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये ते त्याच खात्यात परत आले. त्यानंतर ते सभागृहात बोलायला उभे राहिले की काँग्रेसवाले बहिष्कार घालायचे. देशाचा संरक्षणमंत्री बोलतोय आणि समोरची बाकं रिकामी! शेवटी ऑगस्ट २००३ मध्ये सोनिया गांधींनी ठराव आणला तो पुन्हा सगळ्या सरकारवर. १८६ विरुद्ध ३१२ ने पडला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या खात्याचा कारभार बिघडला त्या मंत्र्याच्या नावाने, कारणं लेखी देऊन, ठराव मांडता यावा. मतदानात मंत्री हरला तर त्याने जावं, सरकार राहावं. आणि या एका मतदानाला व्हीप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायची सक्ती, नसावी. निंदाव्यंजक ठरावाची सोय आहे हे मला माहीत आहे. तो एका मंत्र्यावर आणता येतो, कारणंही द्यावी लागतात. पण चर्चेला वेळ कधी द्यायचा ते सरकार ठरवणार, आणि मंजूर झाला तरी मंत्र्याने घरी जायला हवंच असं नाही. मग उपयोग काय?

हौशी वकील:

टाचणी, कलम ७५(३) वाचा. मंत्रिमंडळ लोकसभेला *सामूहिकपणे* जबाबदार आहे. राज्यांसाठी हेच १६४(२) मध्ये आहे. यामागे विचार आहे, विसरभोळेपणा नाही. ३० डिसेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हे उलगडून सांगितलं होतं: सामूहिक जबाबदारी टिकवायची तर पंतप्रधानाच्या सल्ल्याशिवाय कोणी मंत्री होऊ नये आणि पंतप्रधानाने काढा म्हटल्यावर कोणी मंत्रिपदावर राहू नये. म्हणजे मंत्री नेमायची आणि काढायची किल्ली एकाच हातात, आणि त्या हाताला जाब विचारणार लोकसभा.

तुमची सूचना मान्य केली तर काय होईल? पंतप्रधान मोठा निर्णय मंत्र्याच्या सहीने घेतील. अंगाशी आला की मंत्र्याचा बकरा सभागृहाला अर्पण, आणि स्वतः नामानिराळे.

जर्मनांनी हे करून पाहिलंय. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार घटनेच्या कलम ५४ नुसार संसदेला एकेका मंत्र्यावर अविश्वास दाखवता येत होता. १९४९ ची घटना लिहिताना त्यांनी ते काढून टाकलं. आता अविश्वास फक्त चॅन्सेलरवर (सरकारच्या प्रमुखावर), तोही पुढचा चॅन्सेलर निवडूनच. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असे.

खडीसाखर:

बकरा आत्ता अर्पण होत नाही वाटतं? १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी गेले ते काय चरायला?

कराडकर:

खडीसाखर, मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात टाचणींच्या विरुद्ध जाणारा भाग आहे.

मुंदडा प्रकरण: आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली. डिसेंबर १९५७ मध्ये प्रश्न लावून धरला फिरोज गांधींनी. ते कोण? सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि नेहरूंचे जावई. न्या. छागला यांचा आयोग मुंबईत बसला, सुनावणी उघड्यावर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री पायउतार. कुठलाही अविश्वास ठराव नव्हता.

१९६२ मध्ये चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले. तेही सभागृहात मत घेऊन नाही. काँग्रेसच्याच खासदारांनी पक्षात इतका रेटा लावला की नेहरूंना त्यांना ठेवता येईना. त्या जागेवर आमचे यशवंतराव गेले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री" हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं, पण ती खुर्ची रिकामी कशी झाली हे सांगणारा क्वचित भेटतो.

आणि मोठ्या ठरावाचं वजन पाहायचं असेल तर जुलै १९७९ पाहा. विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. मतदान झालंच नाही. जनता पक्ष आतून पोखरलेला होता, ठराव आल्यावर माणसं भराभर बाहेर पडली आणि मोरारजींनी आधीच राजीनामा दिला. एखाद्या मंत्र्यावर ठराव असता तर ही फाटाफूट उघड झाली असती का? त्या मंत्र्याला बदललं असतं आणि गाडी पुढे.

टाचणी:

कराडकर, उदाहरणं सुरेख, पण १९५८ आणि १९६२ दोन्ही १९८५ च्या आधीची! पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून व्हीपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाते. आज फिरोज गांधी कुठून आणणार? म्हणून तर मी व्हीप उठवा म्हणतोय. याच कायद्यावरच्या १९९२ च्या किहोटो होलोहन निकालात सर्वोच्च न्यायालयानेही व्हीपची ही सक्ती सरकारवरचा विश्वास-अविश्वास किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा विषय एवढ्यापुरती ठेवावी असंच सुचवलं होतं. एका मंत्र्याच्या कारभारावरचं मत त्यात येत नाही.

हौशी वकील:

फिरोज गांधींनी मत कुठे दिलं हो? त्यांनी प्रश्न विचारला, कागद मांडले, भाषण केलं. दहावं परिशिष्ट, म्हणजे तुमचा पक्षांतरबंदी कायदा, *मतदानाला* लागू होतं. प्रश्न विचारायला आजही व्हीप लागत नाही. सत्ताधारी खासदार गप्प बसतात ते पुढचं तिकीट कापलं जाईल म्हणून, आणि त्यावर तुमच्या ठरावात औषध नाही. व्हीप उठवलात तरी तिकीटवाटप त्याच माणसाच्या हातात राहणार.

उत्तरध्रुव:

स्टॉकहोमहून लिहितोय. टाचणींना हवी असलेली व्यवस्था इथे चालू आहे, म्हणून दोन शब्द.

स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सडागमध्ये, ३४९ जागा. एक दशांश सदस्यांनी, म्हणजे ३५ जणांनी मागणी केली की एखाद्या मंत्र्यावर अविश्वास ठराव येतो. मंजूर व्हायला एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे १७५ मतं लागतात. हजर किती, गैरहजर किती याला महत्त्व नाही. तटस्थ राहिलात तरी मंत्र्याला मदतच.

जून २०२२ मध्ये न्यायमंत्री मॉर्गन योहानसन यांच्यावर असा ठराव आला. कारण दिलं होतं टोळ्यांच्या गोळीबारांचं. आता गंमत बघा. पंतप्रधान माग्दालेना अँडरसन यांनी जाहीर केलं की तो गेला तर मीही जाते. झालं! एका मंत्र्यावरचा ठराव बसल्या जागी सरकारवरचा झाला. त्याच वेळी नाटो प्रवेशाचा अर्ज गेलेला, तुर्कस्तान कुर्दांच्या मुद्द्यावर अडून बसलेलं. आणि निर्णायक मत कोणाचं, तर आमिने काकाबावे या मूळच्या कुर्द असलेल्या अपक्ष खासदार बाईंचं. त्या तटस्थ राहिल्या. ठरावाला १७४ मतं पडली, एक कमी. गोळीबारांवर सुरू झालेली चर्चा अंकाराला जाऊन पोहोचली.

तरीही मला ही व्यवस्था आवडते. इथे ठराव येणार असा वास आला की मंत्री आधीच जातो, असं पुष्कळदा घडतं. मोजदाद मंजूर ठरावांची केली तर ते दिसत नाही.

खडीसाखर:

स्वीडन कशाला, रामेश्वरम ओलांडा. श्रीलंकेत मंत्र्यांवर असे ठराव येतच असतात. सप्टेंबर २०२३, आरोग्यमंत्री केहेलिया रंबुकवेला. औषधांचा तुटवडा, निकृष्ट औषधं, असे आरोप. ठराव ७३ विरुद्ध ११३ ने पडला. पुढच्या महिन्यात राष्ट्रपतींनी त्यांचं खातं काढून घेतलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये औषध खरेदीच्या प्रकरणात अटक झाली. म्हणजे संसदेने ज्याला उचलून धरलं त्याला पोलिसांनी उचललं. बहुमताने धुतलेलं पातेलं किती स्वच्छ निघतं ते कळलं.

टाचणी:

हे माझ्या बाजूचं आहे की विरुद्ध?

खडीसाखर:

तुम्हीच ठरवा. मला दोन्हीकडून मजा येते.

मागच्या बाकावरून:

सगळे अविश्वासाला चिकटून बसलात. एका खात्याला धरण्याचं हत्यार नियमावलीत आहे, ते गंजतंय: कपात सूचना.

अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या वेगळ्या मतदानाला येतात. त्यावर तीन तऱ्हांच्या कपात सूचना देता येतात. धोरणच मान्य नसेल तर "मागणी एक रुपयापर्यंत कमी करावी". उधळपट्टी वाटत असेल तर अमुक रकमेची कपात. आणि एखादी नेमकी तक्रार मांडायची असेल तर "शंभर रुपयांनी कमी करावी". शंभर रुपयांनी कोणाचं काय बिघडतं? पण सूचना मंजूर झाली तर त्या खात्याच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. विषय त्या खात्यापुरता, त्यामुळे उत्तरही मंत्र्यालाच द्यावं लागतं. १९६६ च्या मिझोरामकडे पळता येत नाही.

हे आलंय वेस्टमिन्स्टरहून, म्हणजे ब्रिटिश संसदेतून. २१ जून १८९५ ला तिथे युद्धमंत्री कॅम्पबेल-बॅनरमन यांचा पगार शंभर पौंडांनी कमी करा असा प्रस्ताव आला. तक्रार काय, तर सैन्याकडे कॉर्डाइटचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा साठा पुरेसा नाही. सभागृहात माणसं कमी, सरकार बेसावध, सात मतांनी हरलं. रोझबेरींचं अख्खं सरकार गेलं! आणि ज्याचा पगार कापला तो गृहस्थ दहा वर्षांनी स्वतःच पंतप्रधान झाला.

आपल्याकडे काय होतं? बहुतेक मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चाच होत नाही. चार-पाच मंत्रालयं चर्चेला घ्यायची आणि शेवटच्या दिवशी गिलोटिन: उरलेल्या सगळ्या मागण्या एका दमात मंजूर. हजारो कोटींचा खर्च, पण त्या मंत्र्याला उभंसुद्धा राहावं लागत नाही. नवा ठराव मागण्यापेक्षा गिलोटिनच्या आधी निदान दहा मंत्रालयांची चर्चा सक्तीची करा, असं मी म्हणेन.

हौशी वकील:

पूर्ण सहमत. मला वाटतं टाचणींना जे हवंय ते इथेच आहे.

टाचणी:

नाही, आणि 'मागच्या बाकावरून' यांनीच दिलेल्या उदाहरणामुळे नाही. १८९५ मध्ये एका मंत्र्याचा पगार कापला आणि सरकार गेलं. म्हणजे कपात सूचना आली की सरकार ती जिवावरची समजतं आणि व्हीप काढून माणसं गोळा करतं. एप्रिल २०१० आठवा. इंधन आणि खतांच्या दरवाढीवरून विरोधकांनी कपात सूचना आणल्या, मतदान झालं २०१ विरुद्ध २८९. त्या दिवशीची मोठी बातमी इंधनाची होती का? छे! झारखंडचे मुख्यमंत्री शिबू सोरेन, जे तेव्हा लोकसभेचे खासदारही होते, भाजपच्या पाठिंब्यावर राज्य करत होते आणि दिल्लीत येऊन काँग्रेसच्या यूपीए आघाडीच्या बाजूने मत देऊन गेले, ही होती. रांचीचं सरकार डगमगलं, डिझेल तिथेच राहिलं.

म्हणून "मंत्री गेला तरी सरकार राहील" हे नियमात लिहिलेलं हवं. ते लिहिलं की मगच सत्ताधारी खासदार मोकळेपणी मत देईल.

कराडकर:

लिहून काय होणार? स्वीडनमध्येही लिहिलेलंच आहे की. पंतप्रधान बाईंनी एका वाक्यात ते पुसलं. आपल्याकडचा कोणताही पंतप्रधान, कोणत्याही पक्षाचा, पहिल्याच ठरावाला हेच करेल: "याच्यावरचा अविश्वास तो माझ्यावरचा." मग तुमचा व्हीप-मुक्त खासदार काय करेल?

शिवाय आघाडी सरकारात काय होईल बघा. मंत्री मित्रपक्षाचा. मुख्य पक्षाला तो नकोसा झालाय पण काढता येत नाही. विरोधकांच्या ठरावाला आपली वीस माणसं हळूच सोडली की काम झालं. व्हीप नाहीच, मग मित्रपक्षाने जाब विचारायचा कोणाला? महाराष्ट्राच्या विधानसभेत ही सोय आली तर पहिलं अधिवेशन संपायच्या आत खातेबदल होतील, आणि ते जनतेच्या तक्रारींवरून नसतील.

टाचणी:

मित्रपक्षाचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझं उत्तर: कारणं लेखी असावीत, ती त्या खात्याच्या कारभाराबद्दलचीच असावीत, आणि प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं जावं. सोडलेली वीस माणसं कोण ते दुसऱ्या दिवशी पेपरात येईल.

मागच्या बाकावरून:

आणि ठराव दाखल कसा होणार? आत्ताच्या नियमाने पन्नास सदस्यांनी जागेवर उभं राहावं लागतं, मग अध्यक्ष परवानगी मिळाली असं जाहीर करतात आणि दहा दिवसांच्या आत चर्चा. कागदावर छान. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेस रोज नोटीस देत होते. कावेरी आणि आरक्षणावरून वेगळेच पक्ष हौद्यात फलक घेऊन उभे. अध्यक्ष सुमित्राताई महाजन यांनी सांगितलं की सभागृह शांत नसेल तर मला पन्नास माणसं मोजता येत नाहीत. अधिवेशन संपलं, मोजणी झाली नाही. ठराव दाखल झाला थेट जुलैत. १२६ विरुद्ध ३२५. लोकांच्या लक्षात राहिली ती राहुल गांधींनी मोदींना मारलेली मिठी.

टाचणी:

मग पन्नास सह्या घ्या नोटिशीवरच आणि सचिवालयाकडून तपासून घ्या. उभं करायचं कशाला?

हौशी वकील:

सह्यांना माझी हरकत नाही. फक्त ती सुधारणा आधी नियम १९८ मध्येच करा. मंत्र्याचं नंतर बघू.