प्रोग्रामिंगचा तास: सरांनी बोलायचं की मुलांनी करायचं?

अर्धविराम:
पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते. या सत्रात व्याख्यान जवळपास बंद केलंय. फळ्यावर चार ओळी लिहिल्या: अ = 5, ब = 7, अ = ब, ब = अ ('=' म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवायची). शेवटी कशात काय? आधी एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा लिहायचं. 'अदलाबदल झाली' म्हणणारे ढीगभर! दोन्हींत 7 उरतात, हे माझ्याआधी शेजाऱ्यांनीच पटवलं. आणि व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची ही नावं, मी दोन तास 'शिकवून' झाले होते. एरिक माझूर यांनी 1991 पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र असंच शिकवलं. आपण अजून स्लाइड वाचून दाखवतोय.

जुना कंपायलर:
चार ओळींवर अर्धा तास गेला, तर पॉइंटरसारखे पुढचे अवघड भाग कधी शिकवणार? शिवाय ज्याला काहीच येत नाही त्याला गटात बसवलं की तो हुशार पोराच्या स्क्रीनकडे बघत बसतो. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच मांडलंय: नवशिक्याला मार्गदर्शनाविना सोडू नका, आधी सोडवलेली उदाहरणं दाखवा.

अर्धविराम:
सोडते कुठे? प्रश्न मी निवडते, चुकीचे पर्यायही मीच रचते. पार्सन्स कोडी देते, म्हणजे ओळी तयार, फक्त क्रम विस्कटलेला. जोडीने कोड लिहिताना कीबोर्ड दर दहा मिनिटांनी बदलायला लावते. 2014 मध्ये 225 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास सुमारे 34 टक्के, कृतिशील वर्गात 22.

जुना कंपायलर:
ते विज्ञान, गणित, अभियांत्रिकी सगळं मिळून. आणि दहा मिनिटांनी कीबोर्ड बदलला म्हणून डोकं बदलतं का?

हरवलेला सेमीकोलन:
मी विद्यार्थी. खरं सांगू? अशा तासानंतर वाटतं, आज काहीच शिकलो नाही. व्याख्यान ऐकताना सगळं कळतं, खोलीवर जाऊन लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड) लिहायला बसलो की बोंब.

अर्धविराम:
हार्वर्डच्या 2019 च्या प्रयोगात हेच दिसलं (विषय भौतिकशास्त्र, कंपायलरराव ओरडायच्या आत सांगते). कृतिशील वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं.

जुना कंपायलर:
सोडवलेली उदाहरणं आधी आणि वाद नंतर, एवढं मान्य असेल तर पार्सन्स कोडी मीही देऊन बघतो. जोड्यांचं मात्र नाही पटत. गुण कुणाला देणार?

अर्धविराम:
सराव जोडीने, परीक्षा एकट्याने.

हरवलेला सेमीकोलन:
आणि ती परीक्षा कागदावर कोड लिहून! त्याबद्दल कुणीच बोलत नाही.