क्षितिज दाखवणारी तबकडी
बाहेर काही दिसत नसताना विमान किती कललंय हे वैमानिकाला कॉकपिटमधली क्षितिजाची तबकडी दाखवते. 'ही तबकडी सगळीकडे सारखीच, गोंधळतो तो वैमानिक' हे म्हणणं मला पटत नाही. बोइंगमध्ये विमानाचं चिन्ह स्थिर आणि मागची क्षितिजरेषा कलते. जुन्या सोव्हिएत तबकडीत क्षितिज आडवंच राहतं, कलतं ते विमानाचं चिन्ह. म्हणजे विमान उजवीकडे कललं की एकीत रेघ डावीकडे झुकलेली, दुसरीत छोटं विमान उजवीकडे! २००८ मध्ये रशियात पेर्म शहराजवळ एरोफ्लोट या रशियन कंपनीचं बोइंग ७३७ रात्री ढगात डावीकडे कललं होतं, ते आणखी डावीकडेच वळवलं गेलं. ८८ जण गेले. दोघेही वैमानिक सोव्हिएत विमानांवरून आलेले. (कॅप्टनच्या शरीरात दारूचा अंशही सापडला होता, सगळं खापर तबकडीवर नको.) पण ढगात जुन्या तबकडीची सवय पुसणार कशी?