संस्थेतला मुलगा 18 चा झाला की राहणार कुठे? (पुणे)

मृद्गंध:
मी रविवारी एका बालगृहात गणित शिकवायला जाते. तिथल्या एका मुलाला ऑगस्टमध्ये 18 पूर्ण होतायत आणि आता तुझं तू बघ असं त्याला सांगून झालंय. आई आहे पण तिचं दुसरं लग्न झालंय, त्या घरात याला थारा नाही. बारावी दिलीये, औंधच्या आयटीआयला जायचं म्हणतो. पोरगं पुणे स्टेशनवर झोपायला जाऊ नये एवढंच वाटतं. सरकारी काही सोय असते का?

फाइलवाले_काका:
असते. बालन्याय कायदा 2015, कलम 46. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे आधार द्यायचा, त्याला अनुरक्षण म्हणतात, 21 वर्षांपर्यंत, अगदीच गरज असली तर 23. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिना 4000 रुपये मिळू शकतात. मात्र कायद्याने 'देता येईल' म्हटलंय, 'द्यावंच' नाही, म्हणून मागे लागणारं माणूस हवं. बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आई हयात आहे म्हणजे अनाथ प्रमाणपत्र आणि त्यावरच्या 1 टक्का आरक्षणाच्या भरवशावर राहू नका.

गल्लीतला_गण्या:
मनपाचे रात्रनिवारे आहेत की. सगळंच सरकारने कशाला करायचं?

कॉट_बेसिस:
गण्याभाऊ, एक रात्र काढून बघा तिथे. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय, लाख लोकांमागे एक निवारा, 2011 च्या जनगणनेत पुणे मनपा 31 लाख, म्हणजे तेव्हाच 31 लागत होते. आणि असले तरी सकाळी आयटीआयला जाणाऱ्या पोराने पन्नाशीतल्या दारुड्यांशेजारी वह्या कुठे ठेवायच्या?

ताई, मी पण संस्थेतलाच. बाहेर पडलो तेव्हा कर्वेनगरला कॉट बघायला गेलो तर मालकांचा पहिला प्रश्न वडील काय करतात, दुसरा डिपॉझिट, तिसरा पुण्यात ओळखीचं कोण. आधारवर पत्ता संस्थेचा, ते बघून तर चेहराच बदलला त्यांचा. मग काही महिने मित्राच्या गाळ्यात झोपलो, शटर खाली ओढून. माझे पैसे मंजूर झाले पण हातात यायला इतका उशीर झाला की तोवर कॉलेज सुटलं होतं. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं सतराव्या वर्षीच सुरू व्हायला पाहिजे, आणि महिन्याच्या पैशाबरोबर डिपॉझिट आणि हमी घेणारं कुणीतरी पाहिजे. इंग्लंडमध्ये अशा मुलांना 25 पर्यंत सल्लागार मिळतो, आपल्याकडे अठराव्या वाढदिवसाला बॅग मिळते.

आत्ता आधी काय करा, आधारला कुणाचा मोबाइल नंबर आहे ते बघा. माझ्या आधारला अधीक्षकांचा होता, प्रत्येक ओटीपीसाठी त्यांना फोन, आणि ते मीटिंगमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत, डोमिसाइल, स्वतःच्या नावाचं बँक खातं, हे संस्थेत असतानाच करून घ्या, एकदा बाहेर पडलं की कुणी ओळख देत नाही.

फाइलवाले_काका:
बरोबर. नियमाप्रमाणे संस्थेत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असतो, तो दाखवा म्हणा. बहुतेक ठिकाणी तोच कोरा असतो.

मृद्गंध:
धन्यवाद काका, कॉट_बेसिस दादा. सोमवारी रजा टाकून समितीकडे जाते. डिपॉझिटचं मी बघेन, पण हमीदार म्हणून माझं नाव घरमालकाला चालेल का? मी स्वतःच भाड्याने राहते.

कॉट_बेसिस:
पगाराची स्लिप असली की चालतं. नाही चाललं तर मेसेज करा, माझी आहे आता.