अनुभव धागा: पेपर दारात एक, टीव्हीवर सरकार भलतंच

पिंपळपान
माळ्यावरून आकाशकंदिलाचं खोकं काढलं, तर तळाशी अंथरलेला पेपर हाती आला. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. पहिल्या पानावर हा ठसठशीत मथळा, मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत. स्टुलावरच बसून वाचला.

त्या सकाळी हाच पेपर मांडीवर होता आणि टीव्हीवर राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे जुनं दाखवतायत का?" राष्ट्रपती राजवट पहाटे ५:४७ ला उठवली होती म्हणे. पेपर तोवर छापून टेम्पोत चढलेले, त्यांचा काय दोष! नंतरचे तीन-चार दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही कोणी नव्हतं घरात. सुप्रिया सुळेंचं व्हॉट्सॲप स्टेटस हीसुद्धा ब्रेकिंग न्यूज. संजय राऊतांचा शेर आला की आमचे हे मोठ्यांदा वाचून दाखवणार.

तुमच्याकडे काय चाललं होतं? २०१९, २२, २३, कुठलंही चालेल. कोण बरोबर कोण चूक यासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे जा कृपया.

जर्सीकर
आमच्याकडे शुक्रवारची रात्र होती, साडेनऊ. जेवून फोन बघतोय तर हे. सांगलीला आईला फोन लावला, ती नुकती उठलेली. म्हटलं, "आई, सरकार झालं." ती म्हणाली, "झोप आता, उशीर झालाय तुला." तिला खरंच वाटेना. मग मागून बाबांचा आवाज, "अगो टीव्ही लाव!!" मंत्रालयापासून इतक्या लांब राहून गल्लीला बातमी मी दिली.

मांडवीचा_वारा
पहाटेचा शपथविधी म्हणून काय कौतुक चालवलंय. आमच्या गोव्यात त्याच वर्षी १९ मार्चला प्रमोद सावंतांचा शपथविधी रात्री दोनच्या सुमारास झाला. पर्रीकर जाऊन दोन दिवसही झाले नव्हते. फोन रात्रभर टिंगटिंग करत होता. आधी श्रद्धांजलीचे मेसेज, मधेच आकडेमोड, परत श्रद्धांजली. कशावर काय लिहावं कळत नव्हतं, शेवटी डेटा बंद करून झोपलो.
२०२२ ला तुमची मंडळी, म्हणजे शिंदेंबरोबरचे बंडखोर आमदार, गुवाहाटीहून पण शेवटी आमच्याकडेच आली, दोनापावलाला. पाहुणचाराचे पैसे देऊन गेले असावेत.

पिंपळपान
@मांडवीचा_वारा 😂 पर्रीकरांचं वाचून मात्र गलबललं.

डाळिंबमास्तर
त्या बंडखोरांतले शहाजीबापू पाटील, तेव्हाचे आमदार, आमच्या सांगोल्याचं. गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी बोललेली ती फोनची क्लिप आमच्या गावात आधी आली का तुमच्याकडं, यावर अजून वाद आहे. बाहेरच्यांना गंमत वाटली, पण सांगोल्यात येऊन बघा एकदा. दुष्काळी मुलूख, झाडी म्हणजे डाळिंबाच्या बागा. असल्या माणसाला गुवाहाटीचं हिरवं दिसल्यावर तो 'काय झाडी, काय डोंगार' नाही म्हणणार तर काय. शाळा नुकत्या सुरू झालेल्या. 'माझी सहल' निबंधात सहावीतल्या तिघांनी तेच लिहिलं, 'हाटील' सकट. मार्क दिले. भाषा आपलीच आहे की.

कोपऱ्यातली_खुर्ची
हसताय सगळे पण मला तो २०२२ चा जून आठवला की अजून राग येतो. माझा दीर तेव्हा सिलचरला नोकरीला. आसामात पूर, सिलचर अख्खं पाण्यात. दिराच्या घरात तळमजला गेलेला, वर गच्चीवर तीन कुटुंबं, वीज नाही, फोन लागला तर लागला. आणि मी इथे आसामची बातमी म्हणून मराठी चॅनेल लावायचे तर गुवाहाटीच्या हॉटेलचं गेट. कोण आत गेलं, नाश्त्याला काय होतं, खोल्या किती. चार चॅनेल फिरवले तरी गेटच. तिथल्या लोकांनी पुरावरून त्या हॉटेलबाहेर निदर्शनं केली तेव्हा मिनिटभर पूर दिसला असेल. शेवटी ट्विटरवर सिलचरची कॉलेजची मुलं होडी कुठे आहे, पाणी कुठे पोचवलंय ते लिहीत होती, त्यांना इंग्रजीत पत्ता पाठवला. त्यातल्या एकाने गच्चीवर बिस्किटं नि पाण्याच्या बाटल्या दिल्या. तो कोण, त्याचा चेहरा कसा, काही माहीत नाही मला.

जर्सीकर
@कोपऱ्यातली_खुर्ची बाप रे. दीर बरे आहेत ना आता?

कोपऱ्यातली_खुर्ची
हो, बदली घेतली. नागपूरला आहेत.

नाना_वाडा
तुम्हा लोकांना मिनिटाची बातमी सेकंदात हवी. ८४ साली इंदिराजी गेल्या त्या दिवशी सातारला आमच्या वाड्यात एकच रेडिओ बीबीसी पकडायचा, जोशी मास्तरांचा. त्यांनी दुपारीच सांगितलं. आकाशवाणीवर नुसतं दुःखी संगीत, अधिकृत काही नाही, ते आलं संध्याकाळी. तेवढा वेळ सगळा वाडा कुजबुजत होता, मोठ्याने कोणी बोलेना. खोटं निघालं तर? आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या म्हणजे सुधा नरवणे. तो आवाज ऐकून घड्याळ लावायचो.

पिंपळपान
नाना, सुधा नरवणे!! ७:०५. आंघोळीला उशीर झाला की आई ओरडायची "नरवणेबाई आल्या तरी तू अंथरुणात".

बूमवाला
मी बाहेरचा. म्हणजे हॉटेलच्या बाहेरचा, २०१९ लाही आणि २२ लाही. चॅनेलचं नाव विचारू नका, पोटावर पाय येईल.
वर ताई म्हणाल्या ते गेट, तिथे आमच्यापैकीच कोणीतरी उभं असतं. दर दहा मिनिटांनी डेस्कचा फोन, "काही नवीन?" नवीन काय असणार? आमदार आत, आम्ही पावसात. पण लाइव्ह चालूच ठेवायचं, कारण समोरचं चॅनेल चालू ठेवतंय. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला, त्यावर अकरा मिनिटं बोललोय मी. हालचालींना वेग! घरी बायकोने रेकॉर्ड करून ठेवलंय, पाहुणे आले की लावते.
आणि ३० जून २०२२ तर विसरणं शक्य नाही. सकाळपासून सगळे सांगतायत फडणवीस मुख्यमंत्री. ग्राफिक्स तयार, कार्यकर्त्यांचे पेढ्यांचे शॉट तयार. दुपारी पत्रकार परिषदेत ते स्वतःच म्हणाले, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होणार, मी सरकारबाहेर. कानातल्या इयरपीसमध्ये पाच सेकंद शांतता. मग प्रोड्युसर ओरडला, "पेढे काढा स्क्रीनवरून!" संध्याकाळी ते उपमुख्यमंत्री. तोवर पेढे परत लावलेले.
उद्धव ठाकरेंनी आदल्या रात्री राजीनामा दिला तो फेसबुक लाइव्हवर. आम्ही एवढ्या ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाच्या गाड्या) घेऊन बसलेलो आणि ते थेट लोकांच्या फोनवर. तेव्हा लक्षात आलं, यांना आमची तेवढी गरज राहिली नाही.

सुनबाई_बारामती
२ जुलै २०२३. रविवार, मटण चुलीवर, आणि काका शरद पवारांपासून वेगळं होऊन अजितदादांची शपथ. फॅमिली ग्रुपवर थोरल्या दिरांनी एक फोटो टाकला, धाकट्यांनी दुसरा. रश्श्याला उकळी फुटेपर्यंत ग्रुपचे दोन झाले. मी दोन्हीकडे आहे कारण डब्यांचा हिशोब दोन्हीकडे असतो. लोकसभेच्या वेळचं तर विचारूच नका, बाई. पोळ्या राहिल्यात, येते.

डाळिंबमास्तर
चुलीवरचं मटण म्हणालात आणि संपलं. मसाला कुठला?

सुनबाई_बारामती
काळा, घरचा. मोठे वेलदोडे जास्त घालायचे.

मांडवीचा_वारा
@बूमवाला त्या अकरा मिनिटांचे जादा पैसे मिळाले का?

बूमवाला
एक वडापाव. तोही कॅमेरामनने खाल्ला.