भूल दिलेल्या पेशंटच्या वेदनेसाठी वेगळा मॉनिटर हवा का?

भूलतज्ज्ञ, लातूर:
चीर दिली की पेशंटची नाडी धावते, बीपी चढतं, डोळ्यांत पाणी येतं. पेशंट बेशुद्ध असला तरी मज्जारज्जूकडे जाणारे संदेश थांबत नाहीत. आपण मात्र अजून नाडी-बीपीवरूनच फेंटानिल या वेदनाशामकाच्या डोसचा अंदाज बांधतो. मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली सांगणारा बीआयएस हा आकडा ४० ते ६० असला म्हणजे झोप पुरेशी आहे इतकंच कळतं. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरावर चालणारा एएनआय, बोटाच्या क्लिपवरचे एसपीआय आणि एनओएल हे वेदनेला शरीर किती प्रतिसाद देतंय ते आकड्यात सांगणारे मॉनिटर आज मिळतात. आपल्या भागातल्या मोठ्या हॉस्पिटलांनी तरी ते घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

भूलतज्ज्ञ, अंबाजोगाई:
सर, अजिबात पटत नाही. बेशुद्ध माणसाला वेदना जाणवतच नाही, मग मोजायचं काय? शिवाय पेशंट नाडी मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधावर असला, अ‍ॅट्रोपीन हे नाडी वाढवणारं औषध दिलं, पेसमेकर असला किंवा रक्तस्राव झाला की हे आकडे फसवतात. तालुक्याला अजून कॅप्नोग्राफसाठी, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रासाठी, झगडावं लागतं. आधी तो घ्या.

भूलतज्ज्ञ, लातूर:
जाणवतच नाही, हे इतक्या खात्रीने म्हणू नका. १९७७ मध्ये टन्स्टॉल यांनी दाखवलेली पद्धत आठवा: स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हाताला कफ आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही आणि तो हात हलू शकतो. २०१७ च्या अभ्यासात भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातल्यावर २६० पैकी १२ पेशंटनी सांगितल्यावर हात दाबला. त्यातल्या ५ जणांनी दुखतंय असंही हातानेच कळवलं. नंतर कुणालाच काही आठवलं नाही. आठवत नाही म्हणून सोसलंच नाही, असं म्हणायचं का?

पेशंटचा मुलगा, परतूर:
डॉक्टरसाहेब, मशीनचं मला कळत नाही. पण माझ्या आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येताच ती पोट धरून लई कण्हत होती. "थोडं दुखणारच मावशी" म्हणून तिथले डॉक्टर पुढं गेले. बोलणाऱ्या माणसाचं दुखणं कोण मोजतं?

स्टाफ नर्स, नांदेड:
दादांचं बरोबर आहे. ० ते १० मध्ये किती दुखतंय ते विचारून फाइलवर लिहायला एक रुपया लागत नाही. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, हेही बघा.

भूलतज्ज्ञ, अंबाजोगाई:
त्या अभ्यासाबद्दल मान्य, माझं विधान सरसकट होतं. तरीही पैसा असेल तर तो आधी सुई नेमकी कुठे जाते ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर टाका. पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं बुपिव्हाकेनचं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, नीट बसला तर चिरेचं दुखणं ऑपरेशनमध्येही कमी आणि वॉर्डात नेल्यावरही काही तास कमी. तुमचा मॉनिटर थिएटरच्या दारातच थांबतो.

भूलतज्ज्ञ, लातूर:
ब्लॉक द्याच. पण आतल्या अवयवांची ओढाताण त्याने झाकली जात नाही, तिथे मला तो आकडा हवाच आहे.