बेसबॉलमधल्या रिलीव्हरची फील्डिंग एका सीझनवरून ठरवू नका
एका सीझनचा फील्डिंग पर्सेंटेजचा आकडा (चूक न करता हाताळलेल्या चान्सेसचं प्रमाण) लीग सरासरीला लावून रिलीव्हरला, म्हणजे गेममध्ये मधेच येणाऱ्या पिचरला, फील्डिंगमध्ये कच्चा म्हणणं मला अजिबात पटत नाही, अहो क्लोजर, म्हणजे गेम संपवायला येणारा रिलीव्हर, वर्षाला ६०-७० इनिंग टाकतो, त्याच्याकडे समजा फील्डिंगचे २० चान्सेस आले नि एक एरर (फील्डिंगमधली चूक) झाली की झालं, .९५०! दोन झाल्या तर थेट .९००. म्हणून करिअरच बघायचं, यांकीजचा क्लोजर मारियानो रिवेरा घ्या, त्याच्या १९ सीझनमध्ये १२८३ इनिंग आहेत. २००१ वर्ल्ड सिरीज, सातवी गेम, नववी इनिंग, अ‍ॅरिझोनाच्या मिलरचा बंट (बॅटने हळूच टेकवलेला बॉल) उचलून रिवेराने सेकंड बेसला केलेला थ्रो भरकटला, ते अजून डोळ्यासमोर आहे, पण करिअर फील्डिंगमध्ये ती एरर मोजलीच जात नाही, पोस्टसीझन वेगळा धरतात. आणि फील्डिंगची हौस म्हणाल तर बॅटिंग प्रॅक्टिसला आउटफिल्डमध्ये कॅच घेत धावणारा माणूस तो, २०१२ ला कॅन्सस सिटीत त्यातच गुडघा गेला त्याचा.